काशीबायचा उन्हातला मोरांबा

कोपरखैरणे गावात काशी म्हात्रेला ओळखत नाही असा माणूस सापडलाच, तर तो कालपरवा भाड्याने राहायला आलेला असणार. आणि तोही फार दिवस अनोळखी राहत नाही. जिन्यात चपला पसरून ठेवल्या किंवा पाण्याचा पंप चालू ठेवून झोपला, की तळमजल्यावरून तिचा आवाज चढतो आणि ओळख आपोआप होते. अंगाने काडी, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाचा इस्त्रीवाला हातातली इस्त्री उभी करून बघतो. सत्तरी कधीच ओलांडली. नवरा गोटीराम गेला, भाताची खाचरं गेली, खाडीवरचं मिठागर गेलं, शेवटी गुडघेही गेले. आवाज तेवढा जसाच्या तसा राहिला.

तरी गावात तिचं नाव निघतं ते आवाजामुळे नाही, मोरांब्यामुळे. काशीचा मोरांबा गॅसवर चढत नाही, चुलीवरही नाही. किसलेली कैरी आणि साखर पातेल्यात कालवायची, तोंडाला पातळ फडकं बांधायचं आणि पातेलं उन्हात नेऊन ठेवायचं. बाकीचं काम सूर्याचं. सकाळी ठेवायचं, संध्याकाळी आत आणायचं, दोन्ही वेळा कोरड्या लाकडी चमच्याने तळापासून हलवायचं. आधी साखर विरघळून नुसतं पाणी पाणी होतं. मग ते हळूहळू दाट होत जातं आणि एक दिवस कीस काचेसारखा दिसायला लागतो. हा मोरांबा वर्ष काढतो, दोन वर्षं काढतो, कुणी हात आवरला तर त्याहून जास्त. गॅसवर शिजवलेल्या मोरांब्याबद्दल काशीचं मत ठाम आहे. "तो मोरांबा नाय, तो कैरीचा शिरा," असं ती तोंडावर सांगते, मग समोर विहीणबाई का असेना.

ही पद्धत तिची नाही, हेही ती तितक्याच मोठ्याने सांगते. ही पद्धत पुतळाची.

पुतळा ही तिची धाकटी जाऊ. पन्नासेक वर्षांपूर्वी ऐरोलीकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातून लग्न होऊन आली तेव्हा नाकात मोठी नथ, डोळ्यांत भीती आणि तोंडात शब्द नाही, अशी तिची अवस्था होती. सासू करडी. दोघी सुना एका ओट्यावर बसून दोन मिनिटं बोलताना दिसल्या की सासूला पाटा-वरवंटा आठवायचा, विहीर आठवायची, शेण आठवायचं. घरात दोघींना बोलायची चोरी होती. त्या काळात घरात जे काही टिकवायचं ते मिठात. मासळी मिठात, कैरी मिठात, आंबाड्याची फळं मिठात. मिठाला तोटा नव्हता. साखर मात्र रेशनची, सणासुदीची, डब्याला कुलूप नसलं तरी सासूची नजर होती.

पुतळा आली त्याच वर्षी नणंदेच्या सासरची माणसं यायची होती. त्यांना पानात गोड हवं म्हणून सासूने धाकट्या सुनेला साखर काढून दिली आणि कैरीचा मोरांबा कर म्हणून सांगितलं. दुपारी सासू बघते तर चुलीवर काहीच नाही, पातेलंही नाही आणि सूनही नाही. पुतळा भाकऱ्यांच्या टोपलीबरोबर पातेलं घेऊन मिठागरावर गेली होती. दोन मिठाच्या राशींच्या मधे तिने ते फडकं बांधून ठेवलं होतं आणि स्वतः बाजूला बसली होती. सासू बांधावरून तरातरा चालत आली.

"मोरांबा कुठं हाय?"

"पाक व्हायला ठेवलाय ना आत्या."

"चूल कुठं हाय?"

पुतळाने वर सूर्याकडे बोट दाखवलं. तिला खरंच कळेना की हिला राग कशाचा आलाय. जन्मापासून तिने एकच स्वयंपाक पाहिला होता. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं आणि उन्हाने त्याचं मीठ करायचं. "ऊन पान्याचं मीठ करतं," ती म्हणाली, "मग साखरेचा पाक नाय करनार का?"

सासूने कपाळाला हात लावला. सगळी साखर पाण्यात गेली म्हणून तिने जे तोंड सोडलं ते पलीकडच्या मिठागरावरच्या माणसांनीही हातातलं फावडं थांबवून ऐकलं. पातेलं ओतून द्यायला ती वाकली, तेव्हा मागोमाग आलेली, आजवर सासूपुढे मान वर न केलेली काशी मधे आली. "राहू दे आत्या. बघू तरी. नाय झालं तर चुलीवर ठेवीन मी." हे धाडस कुठून आलं ते काशीला आजही सांगता येत नाही. पुतळाचं तोंड बघवलं नाही, एवढंच ती सांगते.

मग दोघी जावा त्या पातेल्याच्या राखणीला बसल्या. मिठावर मुंगी फिरकत नाही, ती एक सोय होती. पण कावळे होते, घारी होत्या, शिवाय सासूच्या डोळ्यांना दिसेल असं कुणीतरी तिथे बसायलाच हवं होतं. खाली पांढरं मीठ, वर वैशाखाचं ऊन. डोळे दिपायचे, अंग भाजून निघायचं. दोघी एकच गोणपाट डोक्यावर धरून बसायच्या आणि बोलायच्या. काय बोलायच्या ते विचारू नका. सासूवर बोलायच्या, नवऱ्यांवर बोलायच्या, माहेरची रडगाणी गायच्या, मधेच हसायला लागायच्या ते आवरायचंच नाही. पोटभर बोलून झालं की कुणीतरी उठून पातेलं हलवायचं. मोरांबा झाला तेव्हा त्याचा रंग असा उतरला होता की नणंदेच्या सासऱ्याने तिसऱ्यांदा मागून घेतला.  पुढच्या वर्षी कैऱ्या आल्या तशी सासूने आपणहून साखर काढून ठेवली आणि म्हणाली, "घेऊन जा तुमचं तिकडं." मिठागर होतं तोवर हे असंच चाललं.

पुढे नवी मुंबई वसवायला सिडको आली, जमिनी गेल्या, खाडीकाठी रस्ते आणि इमारती झाल्या. म्हात्र्यांचं एक घर होतं त्याची दोन झाली. भांडण नाही, तंटा नाही. पुतळाचा नवरा तुर्भ्याच्या कारखान्यात लागला, त्याने जुईनगरला जागा घेतली आणि ती तिकडे गेली. काशीने गावातच राहत्या जागेवर चार मजले चढलेले पाहिले. गच्ची झाली, तसा मोरांबा गच्चीवर गेला. दरवर्षी एक बरणी न चुकता जुईनगरला जायची. जावा भेटायच्या त्या हळदीच्या मांडवात, नाही तर कुणाच्या दहाव्याला. "ये गं कवातरी." "येते गं." तेवढंच. कुणीच कुणाकडे राहायला गेलं नाही. कामं होती, नातवंडं होती, नंतर दुखणी होती. अशी गेलेली वर्षं कुणी हिशेबाला धरली नाहीत.

यंदा थंडीत पुतळा आजारी पडली. साखरेचा आजार जुनाच, आता हृदयही दमलं होतं. डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं आणि जपा म्हणून सांगितलं. काशी एकदा बघून आली. हॉलमध्ये पाहुण्यांची रांग, सरबताचे ट्रे, टीव्हीचा आवाज, कोपऱ्यातल्या पलंगावर एवढीशी झालेली पुतळा. बोलणं झालंच नाही. मग होळी सरली आणि एका दुपारी काशीचा फोन वाजला.

"बाय, औंदा मोरांबा घाल गं. लवकर घाल."

एवढंच बोलून पुतळाने फोन ठेवला.  बरणी जात होती खरी, पण ती पुतळाचा मुलगा रूपेश आणि त्याची पोरं संपवायची. आजार झाल्यापासून पुतळाने मोरांब्याला बोट लावलं नव्हतं. आणि आता ती स्वतः मागतेय. याचा अर्थ लावायला काशीला कुणी शिकवायला नको होतं. तिने पदराने डोळे पुसले आणि ठरवून टाकलं. पुतळाच्या तोंडात त्या मोरांब्याचा एक चमचा पडायलाच हवा, आणि तो वेळेत पडायला हवा.

कैरी बाजारात नीट यायला लागली तशी तिने विपुलला, म्हणजे आपल्या मुलाला, राजापुरी कैऱ्या आणायला पिटाळलं. पहिली पिशवी तिने परत पाठवली, कारण कैऱ्या आतून पिवळ्या पडल्या होत्या. दुसरी पसंत पडली. सूनबाई संध्याने किसायला घेतल्या तर तिच्या हातून किसणी काढून घेतली. संध्याने मुकाट्याने साल काढायचं काम पत्करलं. रात्री कीस आणि साखर कालवून ठेवली, सकाळी पाणी सुटलं, आणि काशी पातेलं घेऊन गच्चीवर निघाली. गुडघ्यांमुळे वर्षातून एवढ्याच दिवसांत ती वर चढते. प्रत्येक मजल्यावर थांबत, पातेलं पायरीवर टेकवत, भाडेकरूंच्या चपलांचा उद्धार करत ती वर पोचली आणि दार उघडून उभीच राहिली.

गच्चीवर ऊन नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या पत्र्याची शेड होती. खाली गार, काळोखी सावली आणि भाडेकरूंचे वाळत घातलेले कपडे.

"विपुल!"

तो आवाज इस्त्रीवाल्याने ऐकला, शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या पोरांनी ऐकला, आणि दाढीचा फेस तोंडावर घेऊन विपुलनेही ऐकला. तो धावत वर आला.

"आये, तुला बोललो होतो ना, वरती थोडं काम चाललंय म्हणून."

"थोडं? ह्याला थोडं म्हनतात? माझं ऊन कुठं गेलं?"

"अगं दरवर्षी स्लॅब गळतो. सगळ्यांनीच शेड टाकल्यात. बघ ना, आजूबाजूला बघ."

काशीने बघितलं. शेडच्या कडेने मान काढून जिथवर नजर पोचली तिथवर निळे पत्रे, हिरवे पत्रे, पाण्याच्या टाक्या. जिथे पत्रा नव्हता तिथे मोबाईलचा टॉवर होता. एवढं ऊन सगळ्या गावावर पडत होतं आणि गावाने त्याला वरच्या वर अडवलं होतं.

"टेन्शन नको घेऊ," विपुल म्हणाला, "गॅसवर कर ना यंदा. कोणाला कळणार आहे?"

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. त्यानंतर काशीने जे ऐकवलं ते इथे देण्याची सोय नाही. खाली उतरताना ती गप्प होती, आणि तिचं गप्प बसणं घरात कुणालाच परवडणारं नव्हतं. कालवलेला मोरांबा ऊन न मिळता राहिला तर आंबतो, फसफसतो, वर तवंग धरतो. फ्रिज चालत नाही, फ्रिजमधला मोरांबा आजारी पडतो, हे तिचं मत. म्हणजे ऊन आजच्या आज हवं होतं.

नात मनस्वी ऐरोलीला आयटी पार्कात कामाला. तिने घरातून काम करता करता कानातला इयरफोन काढून आजीची कैफियत ऐकली आणि तोडगा काढला. गाडी उन्हात उभी करायची आणि पातेलं आत, पुढच्या काचेखाली ठेवायचं. गाडी भट्टीसारखी तापते. काशीला कल्पना पटली. गाडी मैदानाच्या कडेला उन्हात लावली, पातेलं आत बसवलं, आणि काशी समोरच्या बाकावर पदर डोक्यावर घेऊन राखण करायला बसली. दोन वॉचमन येऊन विचारून गेले. एकाला तिने खरं सांगितलं, दुसऱ्याला ओरडून घालवलं. दुपारी तिने दार उघडून फडकं सोडलं, वास घेतला आणि पातेलं छातीशी धरून गाडीबाहेर काढलं.

"काय गं आजी?"

"फुलांचा वास येतोय ह्याला. बाथरूमसारखा."

गाडीत लटकवलेल्या सुगंधी डबीचा तो वास होता. मनस्वी हसून हसून वाकडी झाली, मग आजीच्या तोंडाकडे बघून तिचं हसू विरलं. काशीचे डोळे भरले होते. "तिनं कवा काय मागितलं नाय गं," ती म्हणाली. "अख्ख्या जन्मात नाय. आता मागितलं तर मना ऊन मिलत नाय." वरचा थर काढून टाकला तसा वास गेला, पण दिवस फुकट गेला. संध्याकाळी पातेल्यात बारीक बुडबुडे दिसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजश्रीचा फोन आला. राजश्री म्हणजे पुतळाची सून, बोलायला नेमस्त, वागायला शिस्तीची. "काकी, आई सारख्या विचारतायत. मोरांबा घातला का, मोरांबा घातला का. रात्री झोपल्या पण नाहीत." काशीने घातला म्हणून सांगितलं. मग तिने भीत भीत विचारलं, "तुमच्याकडं ऊन येतं का गं?"

"मागच्या अंगणात भरपूर येतं काकी. पलीकडे रेल्वेची मोकळी जागा आहे ना. दिवसभर नुसतं पोळतं. का?"

आजाऱ्याच्या घरी अर्धवट वस्तू नेऊ नये, ही काशीची रीत. तयार बरणी, वर दादरा बांधलेला, म्हणजे बरणीच्या तोंडाचं कोरं फडकं, असं थाटात न्यायचं. पण बुडबुडे रीत बघत नाहीत. तिने पातेल्याला दुहेरी फडकं आवळलं, रिक्षा बोलावली आणि मांडीवर पातेलं घेऊन बसली. कोपरखैरण्याहून जुईनगरपर्यंत रस्त्याला किती गतिरोधक आहेत ते त्या दिवशी तिला कळलं. प्रत्येकाला ती "हळू, मेल्या!" म्हणून ओरडली. लुगड्यावर गोड पाणी सांडलं, पायावर चिकटलं, रिक्षात एक माशी शिरली ती शेवटपर्यंत उतरली नाही. उतरताना रिक्षावाल्याने विचारलं, "आजी, आत काय आहे?" काशी म्हणाली, "जीव."

तळमजल्याचं घर. राजश्रीने दार उघडलं, पातेलं बघितलं आणि वास घेताच तिचा चेहरा बदलला. तिने काशीला स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात म्हणाली, "काकी, राग मानू नका. पण आईंना साखर बिलकूल चालत नाही. एक चमचासुद्धा नाही. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलंय. परत दवाखान्यात न्यायला लागलं तर..."  पोरगी वाईट नव्हती. दिवसरात्र सासूचं करत होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. काशीला सगळं कळत होतं, तरी तिने पातेलं हातातून खाली ठेवलं नाही. एवढी ओढाताण केली ती कशासाठी? जिला द्यायचं तिच्या तोंडातच जायचा नसेल तर ऊन मिळालं काय आणि न मिळालं काय.

"एक थेंब तरी," ती म्हणाली. "जिभेला लावू नुसता."

"काकी, नको ना."

आतून आवाज आला. पातळ, दमलेला, पण काशीच्या ओळखीचा.

"राजश्री, खुर्च्या टाक मागं. दोन."

पुतळा पलंगावर उठून बसली होती. केस विंचरलेले, नवरा गेल्यापासून कपाळावर कुंकू नसलं तरी चेहरा पुसून लख्ख केलेला. जणू कुठे बाहेर जायला निघाली होती. राजश्रीने हाताला धरून तिला मागच्या अंगणात नेलं. फरशीचं लहानसं अंगण, कडेला तुळस, भिंतीपलीकडे रेल्वेची उजाड जागा, आणि सगळीकडे पांढरंफटक ऊन. काशीने पातेलं उन्हात ठेवलं, फडकं नीट केलं आणि सावलीच्या पट्ट्यात पुतळाशेजारच्या खुर्चीवर बसली. मग तिला राहवलं नाही.

"पुतले, तुना खायला देत नाय म्हनते गं तुझी सून."

पुतळाने तिच्याकडे बघितलं आणि हसायला लागली. हसता हसता खोकली. राजश्री पाणी घेऊन धावली, तिला हाताने थांबवत पुतळा म्हणाली, "मना खायाचाय कुठं? खायला कोन सांगितलं? राखायला पायजे होता मना." थोडा श्वास घेऊन ती पुढे म्हणाली, "इथं सगली येतात. बघतात, सरबत पितात, जातात. कोन बसत नाय. तू तर दाराशीच बसलीस त्या दिवशी. मोरांबा घातला म्हंजे तू बसशील. दुसऱ्या कशाला तू बसतंस का?"

 आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज तिला सापडला नाही. तिने पुतळाचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि दोघी पातेल्याकडे बघत बसल्या.

मग रोजचं सुरू झालं. सकाळचं आवरून काशी रिक्षाने यायची, राजश्रीने पातेलं उन्हात काढून ठेवलेलं असायचं, खुर्च्या मांडलेल्या असायच्या. पुतळाला बरं वाटायचं नाही त्या दिवशीही ती "मोरांबा उघडा पडेल" म्हणून मागे यायचीच. कावळ्यांसाठी काशीच्या हातात काठी. बोलायचं मात्र दोघींनी. मिठागर आठवायचं, राशींवर बसलेले बगळे आठवायचे, भरतीचं पाणी आत घेताना पायाला लागणारा गार चिखल आठवायचा. सासूची नक्कल पुतळा अजून जशीच्या तशी करायची. "घेऊन जा तुमचं तिकडं!" हे ती बोलली की काशी पदरात तोंड खुपसायची. गोटीराम आठवायचा, पुतळाचा नवरा आठवायचा, दोघांनी मिळून एकदा फावड्याने साप समजून दोरी कापली होती ते आठवायचं. ज्यांची नावं कुणी घेत नव्हतं अशी माणसं त्या अंगणात येऊन बसून गेली. कधी दोघी रडायच्या, पण ते रडणं चांगलं वाटायचं. राजश्री कामातून मधेच येऊन दाराशी उभी राहायची. एकदा ती रूपेशला म्हणाली, "आई एवढं बोलतात, हे मला माहीतच नव्हतं." घरी संध्याने विचारलं, "सासूबाई, रोज काय बोलता एवढं?" काशी म्हणाली, "ते विचारायचं नसतं."

ऊन जुईनगरचं असलं तरी कडक होतं. बुडबुडे निवले. पाणी आटत गेलं, पाक दाटला, कीस पारदर्शक झाला. एका दुपारी काशीने नेहमीप्रमाणे बोटांत पाक धरला. अंगठा आणि बोट लांब केलं तशी त्यात स्वच्छ, लांब तार आली. मोरांबा झाला होता. रंग मधासारखा उतरला होता, त्या पहिल्या वर्षीसारखा. काशीला आनंद झाला, आणि त्याच क्षणी तिच्या ध्यानात आलं. झाला म्हणजे आता बरणीत भरायचा. भरला म्हणजे उद्या यायचं कशाला?

ती काही बोलायच्या आत पुतळाने हात पुढे केला. काशीने तिच्या बोटावर थेंबभर पाक ठेवला. पुतळाने बोटं चोळली, ताणली. तिच्याही बोटांत तार आली. दोघींनी ती पाहिली.

"कच्चा हाय," पुतळा म्हणाली. तिने बोटं पदराला पुसून टाकली. "अजून ऊन पायजे ह्याला."

काशीने तिच्या तोंडाकडे बघितलं. ही पद्धत हिने काढलेली, हिची नजर कधी चुकली नाही. पुतळा रेल्वेच्या मोकळ्या जागेकडे बघत होती. कपाळावर घाम होता, ओठ सुकले होते.

"व्हय," काशी म्हणाली. "कच्चाच हाय."

त्यानंतर मोरांबा रोज उन्हात जात राहिला. मधाचा रंग गुळाचा झाला, गुळाचा काळसर झाला. पातेल्याच्या कडांना साखरेचे खडे धरायला लागले. आयुष्यभर लोकांच्या मोरांब्याला नावं ठेवणाऱ्या काशीच्या डोळ्यांदेखत तिचा मोरांबा बिघडत होता आणि ती काठी घेऊन त्याची राखण करत होती. पुतळा आता खुर्चीत पूर्ण मान टेकून बसायची. बोलणं कमी झालं होतं. काशी बोलायची आणि ती डोळे मिटून हुंकार द्यायची. कधी हुंकार यायला उशीर लागायचा, तेव्हा काशी बोलता बोलता थांबायची आणि तो आला की पुढे सांगायला लागायची.

आकाशात ढग जमायला लागले तसं राजश्रीने एक दिवस पातेल्यात डोकावून बघितलं. "काकी," ती म्हणाली, "हा झालाय ना कधीचाच? कडक होतोय. भरून ठेवू का बरणीत?"

काशीने लाकडी चमचा पातेल्यात घातला आणि हात काढून घेतला. चमचा होता तिथे सरळ उभा राहिला. राजश्रीने चमच्याकडे बघितलं, मग काशीकडे, मग आपल्या सासूकडे. 

पुतळाने डोळे न उघडता विचारलं, "काय गं बाय? झाला?"

"नाय गं," काशी म्हणाली. "पानीच हाय अजून. उद्या बघू."